लहान मुलांना 'तो', 'ती' आणि माणसाचं लिंग कसं समजावता?

आबोली

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घरात मराठी, अंगणाच्या पलीकडे सगळं कोंकणी. मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि सध्या त्याचे निम्मे प्रश्न 'तो का' आणि 'ती का' असेच असतात. या विषयावर वाचायला गेलं की बहुतेक सगळं इंग्रजीत सापडतं, आणि ते आपल्या घरात तसंच्या तसं चालत नाही. इंग्रजी बोलणारं मूल स्वतःबद्दल सांगताना मुलगा आहे की मुलगी हे न सांगताच वाक्य पुरं करतं. आपलं मूल 'मी जातो' की 'मी जाते' हे ठरवल्याशिवाय दाराबाहेर पडू शकत नाही. म्हणून इथल्या आईबाबांनी काय केलं ते मला ऐकायचं आहे. आधी माझं सांगते.

दिवसभर तो माझ्याबरोबर आणि माझ्या सासूबाईंबरोबर असतो, त्यामुळे तो 'मी येते', 'मी जेवते' असंच बोलायला शिकला. मुलगे असलेल्या बहुतेक घरांत हे होतं. पाहुणे हसायचे. 'अरे, तू चेडूं (मुलगी) काय रे?' आधी त्याला काही वाटायचं नाही. मग तो बोलण्याआधी समोरच्यांचे चेहरे बघायला लागला, आणि ते मला सहन झालं नाही. घरात सगळ्यांना सांगितलं की यावर कुणी हसायचं नाही. तो 'मी येते' म्हणाला की मी एवढंच म्हणते, 'येतोस? चल, ये.' बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं, पुरे. माझी काळजी व्याकरणाची नाहीच. मुलीसारखं बोलणं म्हणजे हसण्याजोगी गोष्ट, हे त्या हसण्यातून त्याच्या मनात बसतं. माझी भाची खेळताना 'मी राजा, मी लढायला जातो' म्हणते तेव्हा तिला कुणी हसत नाही, उलट कौतुक होतं. हा फरक मुलांना लगेच कळतो.

दुसरी गोष्ट शेजारची. त्या वहिनी आपल्या लेकीबद्दल 'तें आयलें, तें जेवलें' म्हणतात. माझ्या मुलाने विचारलं, ती मुलगी आहे ना, मग 'तें' का? मी सांगितलं, कोंकणीत लहान मुलींना, वयाने धाकट्या बायकांना 'तें' म्हणतात, आपण मराठीत 'ती' म्हणतो. तो म्हणाला, 'पण ती तर तीच आहे.' हे त्याचं वाक्य मला नंतर फार उपयोगी पडलं.

कारण तिसरी गोष्ट. माझ्या मामांचं एक मूल माझ्याबरोबरच वाढलं, माझ्या मुलाची ती मावशी. काही वर्षांपूर्वी त्याने घरी सांगितलं की मी मुलगी नाही, पुरुष आहे. नाव बदललं. सगळ्यांनी 'तो' म्हणावं अशी त्याची इच्छा आहे. यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो आमच्याकडे येणार होता आणि माझ्या मुलाच्या तोंडी फोनवरची 'मावशी' बसलेली.

मी त्याला आदल्या आठवड्यात सांगितलं: 'तू ज्याला मावशी म्हणतोस तो आपला मामा आहे. जन्मल्यावर सगळ्यांना वाटलं ही मुलगी. मोठा झाल्यावर त्याने सांगितलं की मी मुलगा आहे. आता आपण मामा म्हणायचं.' त्याचे प्रश्न असे: आधी तो खोटं सांगत होता का? मी म्हटलं, नाही. बाळाला बोलता येत नाही, म्हणून मोठी माणसं त्याचं शरीर बघून मुलगा की मुलगी ते सांगतात. बहुतेक वेळा ते बरोबर असतं, मामाच्या बाबतीत नव्हतं. मग, मामाला दाढी येणार? म्हटलं, ते मामाचं मामा बघेल. कुणाच्या शरीराबद्दल आपण सगळ्यांसमोर विचारत नाही, जसं तुझ्या शरीराबद्दल कुणी विचारलेलं तुला आवडणार नाही. आणि शेवटी, मी पण मुलगी होणार? विचारलं, 'तुला तू कोण वाटतोस?' म्हणाला, 'मुलगा.' 'मग तू मुलगा. कधी वेगळं काही वाटलं तर मला सांग, मी ऐकेन.' तो नेवऱ्या मागायला स्वयंपाकघरात गेला.

चवथीत मुलाने दोनदा-तीनदा 'मावशी' म्हटलं, मग स्वतःच 'मामा' केलं. अडचण मोठ्यांचीच झाली. आणि आता बालवाडीतून निरोप आलाय की 'मावशीचा मामा झाला' असं तो सगळ्यांना सांगतो, घरी जरा समज द्या. त्यावर काय करावं?

कुळागर

माझं माहेर कोल्हापूरचं. तिकडे आम्ही मुलीसुद्धा 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतो. लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा सासरी चमत्कारिक वाटलं त्यांना. विदर्भातही बायका 'मी जातो' म्हणतात. म्हणजे 'जातो' म्हटलं की पुरुष हे सगळ्या मराठीला लागू नाहीच. माझा मुलगा पहिलीत जाईपर्यंत 'मी येते' म्हणायचा, आपोआप गेलं. तुमचं न हसण्याचं पटलं. आमच्याकडे हसले होते आणि पोरगा पाहुणे आले की गप्प बसायचा.

सांतेरचा_आजो

बाय, रागावू नकोस, पण मला हे पटत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला हे सगळं कशाला? त्याच्या डोक्यात आत्ता पतंग आणि फुगे असू देत. बारा-तेराव्या वर्षी समज येते तेव्हा सांगता आलं असतं. आणि मी संस्कृत शिकवत असे म्हणून सांगतो, व्याकरणातल्या लिंगाचा माणसाशी फारसा संबंध नसतो. संस्कृतात बायकोला 'दार' शब्द आहे तो पुल्लिंगी, शिवाय नेहमी अनेकवचनी, 'कलत्र' नपुंसकलिंगी, 'भार्या' स्त्रीलिंगी. बाई एकच. कोंकणीत मुलीला 'तें' म्हटलं म्हणून तिचा अपमान होत नाही. मग एखाद्याने जुन्या सवयीने 'ती' म्हटलं तर एवढं मनाला का लावून घ्यायचं?

दुसरं असं की ज्या पोरीला आम्ही मांडीवर खेळवलं तिला एका दिवसात 'तो' म्हणायला जीभ वळत नाही. त्यात द्वेष नसतो. हे तरुणांनी समजून घ्यावं.

आबोली

आजो, रागावण्याचा प्रश्नच नाही, तुम्ही मनापासून लिहिलंय. 'दार' आणि 'कलत्र'चं मला ठाऊक नव्हतं. पण मला वाटतं तिथे शब्दाचं लिंग आहे, त्यात त्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही. समोर बसलेल्या माणसाला मी 'तो आला' म्हणते तेव्हा मी त्याच्याबद्दल काहीतरी ठरवून बोलत असते, आणि तो माणूस स्वतः सांगतोय की असं म्हणा. 'तें' म्हटल्याने शेजारच्या मुलीला वाईट वाटत नाही, कारण तिला त्यात माया ऐकू येते. माझ्या भावाला 'ती'मध्ये आपलं म्हणणं मोडून काढलेलं ऐकू येतं.

आणि बारा वर्षांचा होईपर्यंत थांबणं माझ्या हातात नव्हतं. चवथ या वर्षी होती. मी काही सांगितलं नसतं तर मुलाने कुणाच्या तरी कुजबुजीतून शिकलं असतं.

जीभ वळत नाही हे मान्य. माझ्या भावालाही मान्य आहे. तुम्ही वळवायचा प्रयत्न करताय हे त्याला दिसलं की त्याला पुरतं.

पिंपळपान

परदेशी फॅशन म्हणणारे अजून इथे आले नाहीत, पण येतील, म्हणून आधीच लिहून ठेवते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार घटनेनेच दिलेला आहे, असं त्यात म्हटलं आणि तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. पुढे २०१९ मध्ये संसदेत तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. या निकालावर आणि कायद्यावर वाद आहेत, ते वेगळे. पण हा आपल्याच देशातल्या माणसांनी आपल्याच न्यायालयात मांडलेला प्रश्न आहे.

बालरोगवाली

रोज मुलं बघते म्हणून थोडं वैद्यकीय बाजूने. साधारण दोन ते तीन वर्षांत मुलं स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतात आणि चारच्या आसपास बहुतेकांना ते पक्कं ठाऊक असतं. पण ते कायम तसंच राहणार, हे कळायला आणखी वेळ लागतो. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे मांडलं: पाच ते सात वर्षांपर्यंत अनेक मुलांना वाटतं की केस कापले, फ्रॉक घातला की माणूस मुलगा-मुलगी बदलतो. म्हणून 'मी पण मुलगी होणार?' हा प्रश्न त्या वयाचाच आहे. मामा आला नसता तरी कधी ना कधी आला असता. तुम्ही दिलेलं उत्तर चांगलं आहे, कारण त्यात भीती नाही आणि ढकलणंही नाही.

दोन गोष्टी आईबाबांना नेहमी सांगते. मुलगा बाहुली खेळला, नखांना रंग लावून मागितला, तर त्यातून काहीही निष्कर्ष काढू नका. बहुतेक मुलं सगळंच खेळून बघतात. उलट एखादं मूल वर्षानुवर्षं, ठामपणे, दुःखी होऊन 'मी मुलगा नाही' असं सांगत असेल तर त्याला गप्प करू नका. त्याचं ऐका, जाणत्या माणसाशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे.

आणि शरीराच्या अवयवांची नावं शिकवा. शिश्न, योनी, वृषण. लाडाची नावं हवी तर ठेवा, पण खरी नावं माहीत असू देत. मुलाला उद्या कुणी नको तिथे हात लावला तर ते काय सांगणार, कुठल्या शब्दांत? आपल्या राज्यात गोवा बाल कायदा २००३ पासून आहे, देशात मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला, पण कायद्यापर्यंत जायला मुलाच्या तोंडात शब्द हवा. 'तो' आणि 'ती' समजावताना शरीराची गोष्ट शरीराच्या नावाने सांगितली की पुढची गोष्ट, म्हणजे माणूस स्वतःला कोण समजतो, ती वेगळी सांगता येते. दोन्ही एकदम गुंडाळल्या की मूल गोंधळतं.

रंगपट

मी पेडण्याचा. आमच्या घरात दशावतारात काम करण्याची परंपरा आहे, काकांनी आयुष्यभर स्त्रीपार्टी केली. लहानपणी मी रंगपटात बसून त्यांना लुगडं नेसताना, अंबाडा बांधताना पाहिलंय, आणि पहाटे घरी येऊन मिशीला कात्री लावतानाही. आम्हा पोरांना त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जाणाऱ्यांनाही सांगायला नको. म्हाळसा म्हणजे मोहिनी, विष्णूचं रूप, म्हणून ती नारायणी, आणि देवी असून तिच्या अंगावर जानवं आहे. शिखंडी, बृहन्नडा आपल्याच महाभारतातले.

पण एक सावधपणा. पुष्कळ लोक मुलांना समजावताना म्हणतात, 'दशावतारात नाही का काका बाई होत, तसंच.' तसं नाही. काकांनी वेश उतरवला की ते काकाच असत, आणि कुणी त्यांना रस्त्यात बाई म्हटलं असतं तर ते चिडले असते. आबोलीताईंचा भाऊ वेश घेत नाहीये. लोकांनी त्याच्यावर चढवलेला वेश तो उतरवतोय. मुलाला नाटकाचं उदाहरण दिलं तर ते म्हणेल, मग नाटक संपलं की मामा परत मावशी होणार? माझ्या पुतण्याने मला नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हापासून मी देवळातल्या आणि नाटकातल्या गोष्टी एवढ्यासाठीच सांगतो की जग दोनच खणांत बसवायची आपली जुनी सवय नाही. त्यापुढे त्या गोष्टींना ताणत नाही.

काळीनदी

मी कारवारची, आता काणकोणात असते. कन्नडमध्ये 'अवरु' म्हटलं की आदर होतो आणि बाई की पुरुष हे सांगावं लागत नाही. बंगालीत तर तो-ती वेगळे नाहीतच. मराठीत 'ते आले', 'त्या आल्या' असं आदरातही वेगळं. माझ्या मुलीच्या नृत्यशिक्षकांपैकी एकांना 'तो'ही नको, 'ती'ही नको. इंग्रजीत सगळे 'दे' म्हणतात. मुलीशी मराठीत बोलताना मी अडकते. 'ते आलं' म्हटलं तर मोठ्या माणसाला कसं वाटेल?

शाळाबाय

काळीनदी, यावर मी वर्गात खूप विचार केलाय, कारण आमच्याकडे मोठ्या वर्गात असं एक मूल होतं. 'ते आलं' मोठ्या माणसाला नको, ते बाळाला किंवा पोराला शोभतं, आणि रागात म्हटलं की तुच्छ वाटतं. पण मराठीत पळवाटा पुष्कळ आहेत, आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही इतकंच. 'त्यांना', 'त्यांनी', 'त्यांचं' ही रूपं बाई-पुरुष सगळ्यांना एकच. 'त्यांनी नाच शिकवला', 'त्यांना चहा हवाय', 'त्यांच्याकडे जायचंय'. समोर असतील तर 'तुम्ही कधी आलात?' यात लिंग नाही. 'तू आलास', 'तू आलीस' म्हटलं की आलंच. स्वतःबद्दलही 'मी जातो' ऐवजी 'मला जायचंय' म्हणता येतं. 'मी आंबा खाल्ला' यात कोण बोलतंय ते कळत नाही, तिथे आंब्याचंच लिंग दिसतं. 'आम्ही जातो' सगळेच म्हणतात. आणि जिथे अगदीच अडेल तिथे नाव घ्यायचं. त्या व्यक्तीला एकदा विचारून घ्या, मराठीत तुम्हाला काय चालेल. काहींना 'ते आले' चालतं, काहींना नाही.

आता आबोलीताईंचा बालवाडीचा प्रश्न. मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून दोन्ही बाजू सांगते. बालवाडीच्या ताईंना बहुतेक दुसऱ्या पालकांची भीती आहे. आमच्या हातात यासाठी काही साहित्य नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, ती आक्षेप आल्यावर लगेच मागे घेतली गेली. म्हणून शिक्षिका घाबरते आणि 'समज द्या' म्हणून मोकळी होते. तुम्ही जाऊन भेटा. मुलाने काही वाईट सांगितलं नाही, घरातली खरी गोष्ट सांगितली, हे शांतपणे सांगा. ताईंना एक वाक्य तयार देऊन या, जे त्या दुसऱ्या मुलांना सांगू शकतील: 'हो, काही घरांत असं असतं, आता आपण गाणं म्हणूया.' चार वर्षांच्या मुलांना एवढं पुरतं, ती खरंच गाण्याकडे वळतात.

पण मुलालाही एक गोष्ट सांगायला हवी. मामाची गोष्ट मामाची आहे, त्याला विचारल्याशिवाय ती सगळ्या वर्गाला सांगायची नाही. यात लाज नाही, फक्त दुसऱ्याची गोष्ट आपण वाटत फिरत नाही.

आणि माझ्या वर्गात मी मुलगे एका रांगेत, मुली दुसऱ्या रांगेत हे बंद केलं. ज्यांच्या डब्यात आज चपाती ते आधी, भात ते नंतर. हात धुवायला जाताना 'मुलगे ताकदवान, बाकडी उचला' हेही बंद. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कुळागर

शाळाबाय, 'दुसऱ्याची गोष्ट' हे फार महत्त्वाचं. माझ्या लेकीला मी आजच सांगणार.

सांतेरचा_आजो

सगळं दोनदा वाचलं. लहान मुलांबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, तरी चवथ डोक्यावर असताना गप्प बसणं शक्य नव्हतं हे पटलं. एक प्रत्यक्षातली अडचण विचारतो. आमच्याही नात्यात असं एक मूल आहे, पाया पडायला येतं. पूर्वी 'सौभाग्यवती हो' म्हणायचो. आता काय म्हणू?

आबोली

आजो, 'आयुष्मान हो' म्हणा, किंवा 'सुखी राहा'. दुसऱ्यात तर लिंगच नाही. माझे वडील 'मोठा हो' म्हणाले तेव्हा माझा भाऊ बराच वेळ त्यांच्याजवळच बसून राहिला. आणि नातं आधी ठरवून घ्या, बाकी शब्द त्यामागून येतात. मला मावशीचा मामा करणं सोपं गेलं, कारण माझ्यासाठी तो भाऊ झाला आणि राखी बांधायची ठरली, मग मुलाला वेगळं समजवावं लागलं नाही.

शाळाबाय, सोमवारी बालवाडीत जाते. तुमचं वाक्य कागदावर लिहून घेतलंय. भावाला विचारलं की वर्गात काय सांगितलेलं चालेल. त्याने कळवलंय, 'मामा आहे एवढं सांगितलं तरी चालेल, आधीचं नको.' मुलाला तेच सांगितलं. त्याने विचारलं, 'मामा माडावर चढतो, हे सांगू?' ते चालतं.

काळीनदी, नृत्यशिक्षकांनी काय सांगितलं ते इथे नक्की लिहा. आणि कुणाकडे मराठीत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अशी चित्रांची पुस्तकं असतील, ज्यात स्वयंपाक करणारे बाबा, ट्रक चालवणारी आई, असं सगळं सहज येतं, तर नावं द्या. फोंड्याच्या वाचनालयात मागवून घेते.